जुनी होंडा सिटी घेताना: ठाणे-नवी मुंबईच्या गाडीत काय तपासायचं

जुनी सिटी बघायला गेलं की विकणारा आधी बॉनेट उघडतो आणि इंजिन ऐकवतो. ते इंजिन बहुतेक वेळा चांगलंच असतं. होंडाच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाला वेळेवर ऑइल मिळालं तर ते दोन लाख किलोमीटरपर्यंत कुरकुर करत नाही, आणि सिटीच्या मालकांमध्ये यावर फारसा वाद नाही. पैसे बुडतात ते इंजिनाभोवतीच्या गोष्टींत: खाडीच्या हवेने खाल्लेला पत्रा, पावसात भिजलेलं वायरिंग, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये झिजलेला क्लच, पेव्हर ब्लॉकवर खिळखिळं झालेलं सस्पेन्शन. त्यामुळे तपासणीचा क्रम उलटा ठेवा. इंजिनाकडे शेवटी या.

आधी वर्ष ठरवा

होंडा मुळात इंजिनवेड्या माणसाची कंपनी आहे. लोहाराच्या घरात जन्मलेल्या सोइचिरो होंडा यांनी १९४८ मध्ये जपानच्या हामामात्सूमध्ये ती काढली. आधी मोटरसायकली आणि १९६३ मध्ये पहिली चारचाकी. सत्तरच्या दशकात अमेरिकेने धुराचे नियम कडक केले, तेव्हा सिव्हिकच्या सीव्हीसीसी इंजिनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा डबा) न लावता ते नियम पाळून दाखवले. १९८९ मध्ये व्हीटेक आलं: कमी आरपीएमला वाल्व थोडे उघडतात आणि जास्त आरपीएमला जास्त. सिटीचा मालक आजही ‘चार हजारांच्या पुढे गाडी खरी पळते’ म्हणतो, ते यामुळेच. तोच मालक पत्रा पातळ आहे, टायरचा आवाज आत येतो आणि स्पीडब्रेकरवर पोट घासतं, अशीही तक्रार करतो. दोन्ही खरं आहे.

सिटी सेडान म्हणून १९९६ मध्ये थायलंडमध्ये आली. होंडा सिएल ही कंपनी भारतात १९९५ मध्ये स्थापन झाली आणि ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातली सिटी जानेवारी १९९८ मध्ये बाजारात आली. भारतातली पिढ्यांची मोजणी आणि जगातली मोजणी जुळत नाही. पार्ट मागवताना ‘चौथी पिढी’ म्हणालात तर भलताच पार्ट येऊ शकतो. म्हणून नेहमी वर्ष आणि चासी नंबर सांगा.

१९९८ ते २००३ ची गाडी हौसेची. २००० सालचं १०६ हॉर्सपॉवरचं व्हीटेक आजही लोक जीव लावून सांभाळतात. पण याला टायमिंग बेल्ट आहे, तो तुटला तर वाल्व वाकतात, आणि बाहेरचे पार्ट शोधावे लागतात. रोजच्या ऑफिससाठी ही घेऊ नका.

२००३ ते २००८ ची आय-डीएसआय. ताकद जेमतेम ७७ हॉर्सपॉवर, पण अ‍ॅव्हरेज उत्तम. प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ स्पार्क प्लग असतात. ट्यूनअपचं बिल बघताना हे लक्षात ठेवा. चारच प्लग बदललेले असतील तर काम अर्धं झालंय. २००५ मध्ये झेडएक्स नावाने चेहरा बदलला, आणि या पिढीत व्हीटेकही मिळालं.

२००८ च्या शेवटी आलेली आय-व्हीटेक ही जुन्या बाजारातली सर्वांत समाधान देणारी सिटी. ११८ पीएसचं इंजिन, टायमिंग चेन, आणि ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा) पाच गिअरचा भक्कम बॉक्स. २०१४ च्या गाडीत मागची सीट आणि एसी आणखी चांगले झाले, ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्टा-पुलीवर चालणारा बॉक्स) परत आली आणि पहिल्यांदा डिझेलही आलं. २०२० च्या गाडीत १२१ पीएसचं नवं डीओएचसी (दोन कॅमशाफ्टचं) इंजिन आहे. बजेट बसत असेल तर २०१४ नंतरची पेट्रोल मॅन्युअल घ्या, नसेल तर २०१० ते २०१३ ची. डिझेल फक्त त्याने घ्यावं ज्याचं रोजचं येणं-जाणं पनवेल-पुण्यासारखं लांबचं आहे. केबिनमध्ये डिझेल इंजिनाचा आवाज येतो. शिवाय २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, तो वाशी ते सानपाडासारख्या छोट्या फेऱ्यांमध्ये तुंबतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं. १ जानेवारी २००९ पासून बनलेल्या आपल्या गाड्यांचं साहित्य ई-२० ला चालतं, असं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याआधीची गाडी घेतली तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील वर्षातून एकदा हाताने चाचपून बघा. फुगलेला किंवा चिकट झालेला पाइप लगेच बदला.

पत्रा आणि पाणी

इथे वेळ घालवा, घाई करू नका. टॉर्च, छोटं लोहचुंबक, पांढरा टिश्यू पेपर आणि बसायला पुठ्ठा एवढं सोबत न्या. गाडी दिवसा आणि कोरडी असताना बघा. ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही.

वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, कळवा या खाडीकाठच्या भागांत उघड्यावर उभी राहिलेली गाडी खालून गंजायला लागते. दरवाजाच्या तळाची दुमड, मागच्या चाकावरच्या कमानीची आतली कड, पेट्रोल भरायच्या नळीचं तोंड, फूटबोर्डखालचा सांधा आणि डिकीत स्टेपनीचा खळगा, या पाच जागा बघा. कमानीची कड बोटाने आतून चाचपा. खरखरीत लागली तर वरचा गंज, पापुद्रा सुटला तर पत्रा संपत आला आहे. खाली नुकतंच काळं अंडरकोटिंग मारलेलं असेल तर ते का मारलं हे विचारा, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सांध्यावर हलकेच ठोका. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. लोहचुंबक जिथे सैल धरतं तिथे लांबी (पोचा बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर मिळाला तर अजून बरं: कंपनीचा रंग साधारण ९० ते १३० मायक्रॉन, दुसऱ्यांदा रंगवलेलं पॅनेल २०० च्या वर, आणि ३०० च्या पुढे गेलं की लांबी आलीच. एखादा फेंडर किंवा बंपर रंगवलेला असणं इथल्या पार्किंगमध्ये स्वाभाविक आहे. छप्पर, खांब किंवा बॉनेटखालच्या चासीच्या दांड्या रंगवलेल्या दिसल्या तर मात्र सरळ परत या.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीट बेल्ट सगळ्यात उपयोगी. पुढचा बेल्ट ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढा आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर ओला टिश्यू दाबून फिरवा. गाडी धुणारा बाहेरचा भाग धुतो, रीळमध्ये गुंडाळलेला भाग तसाच राहतो. टिश्यूवर मातकट रेघ आली आणि पट्ट्यावर एका ठरावीक उंचीला आडवा डाग दिसला, तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. मग सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून कार्पेट मुठीने दाबा, हेडलाइटच्या आत तळाशी गाळ बसलाय का बघा. कापूर किंवा परफ्यूमचा भपकारा येत असेल तर काच बंद करून पाच मिनिटं आत बसा, एसी न लावता. कुबट वास वर येतोच.

फक्त पुढच्या डाव्या बाजूचं कार्पेट ओलं असेल तर पुराचाच संशय घेऊ नका. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तरी तिथे ओल येते, आणि ते काम अर्ध्या तासाचं आहे. २०१४ नंतरच्या सनरूफवाल्या गाडीत सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या पानांनी आणि धुळीने तुंबतात, मग पाणी खांबातून उतरून पायाशी येतं. सनरूफ उघडून कोपऱ्यात पाव ग्लास पाणी सोडा. ते गाडीखाली टपकायला हवं.

रिकॉल: हे फुकट आहे, सोडू नका

ताकाता कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणारा डबा) होंडाने जगभर आणि भारतातही मोठे रिकॉल केले, म्हणजे दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, त्यात जुन्या सिटीही आहेत. दोष रसायनाचा आहे. इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं. मग अपघातात एअरबॅग उघडताना ते हवं त्यापेक्षा जोरात पेटतं आणि धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येतात. आपली हवा नेमकी तशीच आहे, त्यामुळे इथल्या जुन्या गाडीत ही तपासणी ऐच्छिक समजू नका.

२००३ ते २००८ च्या पिढीत ड्रायव्हरच्या दरवाजावरच्या पॉवर विंडो स्विचचाही रिकॉल झाला होता. उघड्या काचेतून पावसाचं पाणी स्विचमध्ये गेलं की तो तापून पेटू शकतो. आणि २०१८ च्या आसपास बनलेल्या बऱ्याच होंडा गाड्यांत पेट्रोल पंपाचा इंपेलर (पेट्रोल ढकलणारी आतली चक्री) बदलून दिला गेला, कारण तो बिघडला की चालती गाडी बंद पडू शकते.

करायचं इतकंच: आरसीवरचा १७ अक्षरांचा चासी नंबर घ्या, तो गाडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा, आणि होंडाच्या वेबसाइटवर टाका. काम बाकी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर ते मोफत करून देतं, मालक कितवाही असो. त्याच सेंटरमध्ये सर्व्हिसची नोंदही विचारा. मीटर मागे फिरवलेलं असेल तर इथेच उघडं पडतं.

चालवून बघा, पण ठरवलेल्या रस्त्यावर

विकणारा सोसायटीला एक चक्कर मारून आणतो, त्यातून काही कळत नाही. निदान पाऊण तास मागा. नवी मुंबईत पाम बीच रोड चांगला: सरळ, गुळगुळीत. ६० च्या वेगाला स्टीअरिंगवरची पकड किंचित सैल करा. गाडी एका बाजूला ओढली तर अलाइनमेंट किंवा टायर. ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क वाकड्या. मागून एकसुरी घूं-घूं येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर टायरचा आवाज की व्हील बेअरिंगचा, हे हलक्या वळणावर कळतं. बेअरिंगचा आवाज वळताना बदलतो, टायरचा बदलत नाही.

मग पेव्हर ब्लॉकवर या. एखादी जुनी सोसायटी किंवा सेक्टरमधली आतली गल्ली शोधा, काच खाली करा, १५-२० च्या वेगाने जा आणि स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवा. ‘टक-टक’ येत असेल तर आधी लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश, हे स्वस्तातलं काम. ठोका हातात, स्टीअरिंगमध्ये जाणवत असेल तर रॅक, म्हणजे स्टीअरिंगची चाकं वळवणारी दांडी. २००८ नंतरच्या सिटीत रॅकचा आवाज ही ओळखीची तक्रार आहे आणि रॅक महाग पडतो. भावात हे धरा. काही गॅरेजवाले आधी लिंक रॉड, मग बुश, मग माउंटिंग असं एकेक बदलत जातात आणि आवाज तसाच राहतो. म्हणून घेण्याआधीच गाडी लिफ्टवर चढवून, एकाने स्टीअरिंग हलवायचं आणि दुसऱ्याने रॅकला हात लावून बसायचं, असं करून घ्या.

चढासाठी ठाण्यात गायमुखचा घाट, बेलापूरला पारसिक हिलचा रस्ता. तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाला पाय पूर्ण दाबा. आरपीएम चढतोय आणि वेग चढत नाही, म्हणजे क्लच सरकतोय. सिटीचा क्लच हलका आहे, त्यामुळे जड झालेला क्लच हीच पहिली खूण. माजिवडा ते कासारवडवली रोज हाफ क्लचवर काढलेल्या गाडीत तो ५०-६० हजारांतही संपलेला असू शकतो, आणि हायवेच्या गाडीत लाखाच्या पुढे टिकतो.

शेवटी सिग्नलला एसी लावून न्यूट्रलमध्ये थांबा. स्टीअरिंग आणि सीट थरथरली तर इंजिन माउंटिंग गेलं. हायड्रॉलिक माउंटिंग फुटलं की त्यातलं काळपट तेल खाली ओघळलेलं दिसतं. मधल्या झरोक्यात थर्मामीटर धरा. दुपारी उभ्या गाडीतही १० अंशांच्या आसपास थंडावा हवा. चालताना गार आणि थांबल्यावर कोमट होत असेल तर कंडेन्सरचा फॅन बघा, गॅस भरायला धावू नका.

ऑटोमॅटिकचं वेगळं

तीन पिढ्या, तीन वेगळे बॉक्स. २००३-०८ च्या सीव्हीटीत गाडी उचलणारा स्टार्ट क्लच असतो. निघताना गाडी थरथर करत उचलत असेल तर तो. जुनं किंवा चुकीचं ऑइल हे नेहमीचं कारण, ते बदलून आणि स्टार्ट क्लचचं कॅलिब्रेशन करून कधी कधी थरथर जाते. जाईलच या भरवशावर पैसे देऊ नका. २००८-१३ चा पाच गिअरचा बॉक्स एटीएफ (ऑटोमॅटिकचं ऑइल) डीडब्ल्यू-१ वर चालतो. २०१४ नंतरच्या सीव्हीटीला होंडाचं एचसीएफ-२ ऑइल लागतं, दुसरं काहीही नाही. साधं एटीएफ टाकलेली सीव्हीटी पट्टा आणि पुली घासून घेते. एका वेळी साडेतीन लिटरच्या आसपास निघतं. या ट्रॅफिकमध्ये दर ४० हजार किलोमीटरला बदला.

आता इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून थंड असल्याची खात्री करा. स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर बोलणी थांबवा.

२०२० आधीच्या सिटीच्या दीड लिटर पेट्रोलमध्ये वाल्वचा गॅप आपोआप जुळत नाही, तो फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बसवावा लागतो. आय-व्हीटेकला थंड इंजिनावर इनटेक ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३० मिलिमीटर. दर ४० हजारांना तपासा. हलकी टिकटिक असलेलं इंजिन चांगलं. सीएनजीवर चाललेली सिटी जर अगदीच मुकी असेल तर जास्त काळजी घ्या. सीएनजी कोरडं जळतं, एक्झॉस्ट वाल्वची बैठक झिजते, वाल्व वर सरकतो आणि गॅप नाहीसा होतो. आवाज जातो, पण वाल्व पुरता बंद न झाल्याने जळायला लागतो, आणि काही महिन्यांनी एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बसतं. ठाणे-नवी मुंबईत बाहेरून किट बसवलेल्या आय-डीएसआय आणि झेडएक्स पुष्कळ आहेत. अशा गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट घ्याच, आरसीवर सीएनजीची नोंद आणि दर तीन वर्षांनी होणाऱ्या सिलिंडर टेस्टची तारीख बघा.

कागद

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. एमएच-०४ ठाणे, एमएच-४३ वाशी, एमएच-४६ पनवेल. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर पैसे देण्याआधी काय लागेल ते आपल्या आरटीओत विचारा. न भरलेली ई-चलनं आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आजच ऑनलाइन तपासा. १५ वर्षं पूर्ण होत आलेली गाडी असेल तर पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर तुमच्या डोक्यावर येणार, तेवढे पैसे भावातून कमी करा. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. इंजिन प्रोटेक्शन मात्र नक्की जोडा, कारण सिटीची हवा ओढणारी नळी खाली आहे आणि साध्या पॉलिसीत पाणी शिरून मोडलेलं इंजिन भरून मिळत नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडी घालू नका. पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टोचन लावा.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

विकणारा ‘आत्ताच सर्व्हिसिंग केलं’ म्हणाला तरी ऑइल बदला. आय-व्हीटेकला फिल्टरसह साधारण ३.६ लिटर लागतं. २०१४ नंतरच्या पेट्रोलला ०डब्ल्यू-२०. ड्रेन बोल्टला दरवेळी नवा वॉशर लावा आणि ३९ न्यूटन-मीटरला घट्ट करा. जोर लावून आवळला की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. ब्रेक ऑइल, कूलंट आणि ग्लव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर याच वेळी उरका. चाकाचे नट १०८ न्यूटन-मीटर.

बॅटरी बदलल्यावर किंवा थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आरपीएम वर-खाली होतो आणि लोक घाबरून सेन्सर बदलतात. आधी गाडीच्या कॉम्प्युटरला आयडल (उभ्या गाडीतला आरपीएम) पुन्हा शिकवा. एसी, लाइट, पंखा सगळं बंद ठेवा, गाडी सुरू करून न्यूट्रलमध्ये ३,००० आरपीएमला धरा, रेडिएटरचा फॅन सुरू होईपर्यंत. मग पाय पूर्ण काढून पाच मिनिटं तशीच चालू ठेवा. त्यानंतरही सुई नाचत असेल तर इनटेकच्या रबरी नळीला कुठे चीर गेली आहे का ते शोधा. उंदराने कुरतडलेली नळी पोडियम पार्किंगमध्ये नेहमी सापडते.